तंबू वाघांवर उभा नव्हता

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर मे महिन्यात कुणीतरी सर्कशीचा जुना फोटो टाकतं आणि खाली ठरलेला सूर लागतो: "वाघ-सिंह बंद केले आणि सर्कस मेली." यंदाही लागला. ग्रुपवर मी वाद घालत नाही (घातला की दोघं ग्रुप सोडतात आणि त्यांची समजूत काढायचं काम माझ्याच गळ्यात पडतं), म्हणून इथे लिहितोय.

१९८९ साल. दहावीची परीक्षा संपलेली, निकालाला वेळ. पुण्यात नदीपात्रात सर्कस लागली होती आणि आमच्या पेठेतला एक मंडपवाला तिथे माणसं पुरवायचा. त्याच्या ओळखीने चिकटलो. रोजचे १५ रुपये आणि दोन वेळचं जेवण. आईने एकच विचारलं, "वाघाजवळ नाही ना जायचं?" नाही म्हणालो, आणि ते खरंही होतं. मला खुंट्यांवर टाकलं होतं.

सर्कशीचा खुंटा म्हणजे हातभर जमिनीत जाणारी जाड लोखंडी पहार. चार जण गोल उभे राहून एकाच खुंट्यावर पाळीपाळीने घण घालायचे. ताल चुकला की शेजाऱ्याचं मनगट गेलंच. मला घण दिलाच नाही, दोर ओढायला लावलं. दुसऱ्या दिवशी तळहाताची सालटी निघाली. एका बिहारी चाचाने हळद-तेल लावलं आणि पुन्हा दोर हातात दिला.

खरी परीक्षा वळवाच्या पावसात. ४ चा खेळ चालू, आत टाळ्या, आणि सिंहगडाकडून काळं भरून आलं. तेव्हाचे दोर काथ्याचे, सुताचे. असा दोर भिजला की आखडतो, म्हणजे पाऊस आला की दोर आवळायचे नाहीत, सैल सोडायचे! मला उलटंच वाटलं होतं. मी आवळायला धावलो आणि चाचाने पाठीत धपाटा घातला. दोर आखडला तर एक तर खुंटा उपटतो, नाहीतर कापड फाटतं. आम्ही दहा-बारा जण चिखलात वर्तुळाने पळत एकेक गाठ ढिली करत होतो. वर कापडात पाण्याची पोटं धरलेली, ती आतून बांबूने ढकलायची. आत झुल्यावरची बाई तेवढ्यात एक हात सोडून दुसरा पकडत होती. प्रेक्षकांना काही कळलं नाही. कळू नये हेच आमचं काम.

आता वाघांबद्दल. मी रोज बघायचो. पिंजऱ्यात चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, दिवसभर. रिंगणातली १५ मिनिटं सोडली तर त्याचं आयुष्य एवढंच. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मला वाईट वाटलं नाही. तारेवर चालणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीही तिथे होत्या. लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवायला न्यायालयाने मनाई केली ती २०११ मध्ये. ग्रुपवर कुणी या मुलींची आठवण काढत नाही. वाघाची मात्र काढतात.

झुल्यावरचा एक माणूस केरळातल्या तलशेरीचा होता. मी मराठी म्हटल्यावर म्हणाला, "आमच्या गुरूंचे गुरू तुमचेच, छत्रे." मला माहीतच नव्हतं. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, तलशेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णननी त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन पुढे कसरतींची शाळा काढली, आणि म्हणून देशभरच्या तंबूंत मल्याळी माणसं दिसायची. हे सगळं मला एका मल्याळी माणसाने मोडक्या हिंदीत सांगितलं.

"अहो पण दामू धोत्रे!" असं कुणी म्हणणार, ठाऊक आहे. पुण्यात जन्मलेला, वाघ-सिंहांचे खेळ करणारा, मामाच्या सर्कशीतून अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचलेला माणूस. अभिमान मलाही आहे. पण ज्या शहराला त्यांचा एवढा अभिमान, त्या शहरात सर्कशीला महिनाभर परवडेल असं मैदान आज किती ठिकाणी आहे, ते सांगा. प्रेक्षक वाघ नाही म्हणून कमी आले असतील, पण तंबू लावायला जागाच नसेल तर झुला कुठे बांधणार?

१९८९ मध्येच, नवरात्रात, चतुःशृंगीच्या जत्रेत काम मिळालं. रिंगा टाकायचा स्टॉल: ठोकळ्यावर साबण ठेवलेला, त्यावर रिंग नीट बसली की साबण गिऱ्हाइकाचा. इथे मी सरळसरळ लबाडीच्या बाजूला होतो. साबणाखालचा लाकडी ठोकळा रिंगेपेक्षा जेमतेम बारीक असतो. रिंग अगदी सपाट पडली तरच आत बसते, तिरकी लागली की उडते. मालक गिऱ्हाइकाला दाखवताना वरून, जवळून, अलगद सोडायचा आणि म्हणायचा, "बघा, किती सोपं!" शेजारच्या बंदुकीच्या स्टॉलवर फुगे मुद्दाम कमी फुगवायचे, छर्रा लागून नुसता टप्पा घ्यायचा. पलीकडे मौत का कुआँमध्ये फळ्यांच्या भिंतीवर मोटारसायकल घुमायची आणि सगळी जत्रा हादरायची. त्या पोरांचा जीव खरा टांगणीला. आमचा फक्त साबण.

गेल्या वर्षी भाच्याला घेऊन जत्रेत गेलो होतो. १० रिंगा, दहाही वाया. मग पुन्हा रिंगा घेतल्या आणि मी त्याला सांगितलं, पुढे वाक, मनगट आडवं ठेव, वरून सोड, फेकू नकोस. तिसरी रिंग बसली. स्टॉलवरच्या पोराने साबण काढून दिला, माझ्याकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "काका, कुठल्या मालकाकडे होता?"