‘वडे तळायला एवढा पगार कशाला?’ या मेसेजला उत्तर

लातूर-नांदेडकडच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत बर्गरच्या दुकानांतल्या कामगारांचं किमान वेतन वाढवलं आणि दुकानांना कुलपं लागली. आता आपल्याकडेही वडापाव, चायनीज, पिझ्झाच्या दुकानांतल्या पोरांचे पगार वाढवा म्हणतात. या कामाला अक्कल लागत नाही. शिकत्या पोरांचं ते चार दिवसांचं काम. जेवण-राहणं फुकट असतं. पगार वाढवला तर मालक दुकान गुंडाळेल आणि हीच पोरं घरी बसतील.

मेसेज पुढे पाठवणारी माणसं वाईट नाहीत, त्यातले काही स्वतः हॉटेल चालवतात. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘अक्कल लागत नाही.’ संध्याकाळी क्लास सुटल्यावर लातूरच्या औसा रोडवरच्या एखाद्या गाड्यावर कढईशेजारी दहा मिनिटं उभं राहून बघा. तेल तापलं की नाही हे तो पोरगा पिठाचा थेंब सोडून ओळखतो. थेंब तळाशी बसला तर घाणा तेल पिणार, झटकन वर येऊन काळवंडला तर वडा आत कच्चा राहणार. वडा तो वरून टाकत नाही, कढईच्या कडेने सोडतो, कारण वरून टाकला की तेल अंगावर येतं. एक घाणा निथळत असताना दुसऱ्याचे वडे पिठात बुडालेले असतात, आणि समोरचे आठ जण एकाच वेळी ऑर्डर सांगत असतात. त्यातला कोणाला पार्सल, कोणाला तिखट चटणी जास्त, कोणाचे वीस रुपये परत द्यायचे, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे डाग पडलेले. चायनीजच्या भट्टीवर तर एका हातात कढईचा दांडा, दुसऱ्यात पळी, आणि चेहऱ्यासमोर सतत जाळ. वस्तादाने खाडा केला की त्या दिवशी किती दुकानांचं शटर उघडत नाही, हे मालकांना आपण सांगायची गरज नाही.

आणि समजा, एखाद्या कामाला खरंच कसब लागत नाही. मोरीवर भांडी घासायला लागत नसेल. तरीही किमान वेतन हे कसबाचं बक्षीस कधीच नव्हतं. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर वेगळे असतात, पण सर्वांत खालचा दरसुद्धा माणूस जगेल असाच धरायचा असतो. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने (सरकार, मालक आणि कामगार संघटनांच्या बैठकीने) त्याचा हिशोब मांडून ठेवला आहे: कमावणारा धरून तीन माणसांचं खाणं, माणशी रोज २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि जळण-दिवाबत्तीसारख्या खर्चाला एकूण वेतनाच्या २० टक्के. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने नंतर रेप्टाकॉस ब्रेट या कंपनीच्या खटल्यात म्हटलं. मोरीवरच्या बाईला यातली कोणती गोष्ट लागत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘शिकत्या पोरांचं काम.’ लातुरात शिकायला आलेली काही पोरं संध्याकाळी हॉटेलात राबतात, हे खरं आहे. ती हौसेने राबत नाहीत, खोलीचं भाडं भरायला राबतात, आणि विद्यार्थी आहे म्हणून कमी द्या असं कायद्यात कुठेही नाही. पण रात्री अकराला फरशी धुणारे बहुतेक जण विद्यार्थी नसतातच. कोणी दोन लेकरांचा बाप असतो, कोणी नवरा गेलेली बाई असते. कोणाच्या घरचे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि पोराच्या हाती कोयता नको म्हणून त्याला हॉटेलात ठेवलेलं असतं. त्याने आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे पगार कमी आहे म्हणून काम सोडायचीही सोय नसते.

जेवण-राहण्याबद्दल फार लिहीत नाही. शटर ओढून टेबलं सरकवून दुकानातच झोपणारा पोरगा रात्रीची राखणही फुकटात करत असतो. मुळात किमान वेतन रोखीत द्यायचं, हे १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच लिहिलेलं होतं.

त्यापेक्षा तासांचा हिशोब करून बघा. धरा, महिना १२ हजार पगार, सकाळी दहा ते रात्री अकरा, सुट्टी नाही. म्हणजे महिन्याचे ३९० तास. तासाला ३१ रुपयेही पडत नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आठ तासांनी भागलं तर ३९. जादा तासांना दुप्पट दर द्यायचा असतो. तो मागणारा वेटर मी पाहिलेला नाही, कारण मागितला की दुसऱ्या दिवशी ‘येऊ नको’ ऐकावं लागतं.

आता ज्या मुद्द्याने सगळे घाबरतात तो: ‘दुकानं बंद पडतील.’ कागद-पेन घ्या. समजा, एका वडापाव सेंटरवर पाच माणसं कामाला आहेत आणि दिवसाला ६०० प्लेटा जातात, २० रुपये प्लेट. प्रत्येकाची रोजी १५० रुपयांनी वाढवली तर रोजचा बोजा ७५० रुपये. प्लेटमागे सव्वा रुपया. वाढीचा सगळा भार गिऱ्हाइकावर टाकला तरी एवढाच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा तेल कडाडलं. व्यावसायिक सिलिंडरचा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. त्या वेळी मालक काय करतो? प्लेटचा दर वाढवतो किंवा वडा थोडा लहान करतो आणि धंदा चालू ठेवतो. तेलवाल्याला कोणी म्हणत नाही की माझा धंदा छोटा आहे, निम्म्या भावात डबा दे. ही मागणी फक्त कामगाराकडे होते.

छोट्या मालकाची अडचण मी नाकारत नाही. जागेचं भाडं आहे, ऑनलाइन ऑर्डरवर ॲपवाले कमिशन कापतात, आणि असा मालक बहुधा स्वतःही कढईवर उभा असतो. त्याने भाड्यासाठी, कमिशनसाठी भांडावं, मी त्याच्या बाजूने बोलेन. पण आपल्या अडचणीची भरपाई त्याने मोरीवरच्या बाईच्या पगारातून करावी, हे मान्य नाही. निदान किमान वेतनही देता येत नसेल तर कोणत्याही उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकातच क्राउन ॲल्युमिनियम या कारखान्याच्या निकालात सांगितलं आहे.

राहिली अमेरिका. मेसेजमधला कायदा कॅलिफोर्नियाचा. १ एप्रिल २०२४ पासून तिथे फास्टफूड कामगाराला तासाला किमान २० डॉलर द्यावे लागतात. पण हा कायदा देशभरात ६० हून जास्त शाखा असलेल्या साखळ्यांनाच लागू आहे, कोपऱ्यावरच्या दुकानाला नाही. रोजगारावरच्या परिणामाबद्दल तिथल्या अभ्यासकांत एकमत नाही. काहींना नोकऱ्या थोड्या घटलेल्या दिसल्या, काहींना नाही. सरसकट कुलपं लागल्याचं कोणीच दाखवलेलं नाही. याच धंद्यावरचा एक जुना अभ्यास मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावा. १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ वर नेलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढलं नव्हतं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूड दुकानं वाढीआधी आणि वाढीनंतर तपासली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं आढळलं नाही. त्यावर पुढे बरेच वाद झाले. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा या कामाचाही आवर्जून उल्लेख झाला.

माझं म्हणणं साधं आहे. दर वाढलाच पाहिजे, आणि आज जो ठरलेला आहे तो आधी हातात पडला पाहिजे. आपल्या राज्यात किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईपोटीचा) जानेवारीत आणि जुलैत नव्याने ठरतो. हा नवा आकडा किती हॉटेलांतल्या पोरांपर्यंत पोहोचतो? शिवाय परिमंडळाप्रमाणे महापालिकेत एक दर आणि लहान गावात त्याहून कमी. लहान गावात भाडं कमी असेल, पण तेलाचा डबा आणि मोबाइलचा रिचार्ज अहमदपुरात स्वस्त मिळत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची वेतन संहिता, म्हणजे जुने वेतन कायदे एकत्र करणारा नवा कायदा, लागू झाली आहे. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांपुरतं नाही, सगळ्याच कामगारांना आहे. कमी पगाराचा दावा करायची मुदत पूर्वी सहा महिने होती, आता तीन वर्षं आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकावर आहे. हॉटेलात राबणाऱ्या कोणाची ओळख असेल तर त्याला एवढं जरूर सांगा: रोज आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, हातात पैसे किती आले, हे तारखेसह वहीत लिहून ठेव, आणि ती वही घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. सोबत कोणी हवं असेल तर आपण जाऊ.