काठी, कमंडलू आणि काका

उज्जैनच्या प्राचीन नाण्यांच्या माझ्या टेबलावर परवा एका प्रदर्शनात आयोजकांनी पाटी लावली: 'जुनी चिल्लर'. शेजारच्या टेबलावर काड्यापेट्या होत्या. त्यांची पाटी, 'काड्यापेट्यांचे अद्भुत विश्व'. मी हरकत घेतली, तर पाट्या लिहिणारा मुलगा म्हणाला, "सर, पुठ्ठा संपला." काड्यापेट्यांना अख्खं विश्व मिळालं आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या नगरीच्या वेळेला पुठ्ठा संपला. असो. असो म्हणतोय खरा, पण अजून झोंबतंय.

एकाच शहराची नाणी जमवणारा माणूस लोकांना संशयास्पद वाटतो. शंभर देशांचं एकेक नाणं चिकटवून ठेवा, लोक "वा!" म्हणतात. एका गावाची मूठभर मांडा, की "उज्जैनच का? सासर का तिकडचं?" नाही हो. कारण एवढंच, की इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन शतकांत या नगरीनं तांब्याच्या नखाएवढ्या तुकड्यांवर जे काही कोंबलंय, ते बघून माझी भूक मरते. कठड्यातलं झाड, हत्ती, बैल, मासे पोहत असलेली नदी, एखाद्यावर चक्क बेडूक. आणि दुसऱ्या बाजूला अधिकची खूण, तिच्या चारही टोकांना गोळे. नाणेशास्त्रात तिला 'उज्जैन चिन्ह' असंच म्हणतात. सातवाहनांनासुद्धा ती एवढी आवडली की त्यांनी ती आपल्या नाण्यांवर घेतली. फार थोड्या नाण्यांवर ब्राह्मीत गावाचं नावही येतं, 'उजेनिय'. तसलं माझ्याकडे नाही, आणि हा विषय मला इथे वाढवायचा नाही.

मांडणी हे वेगळंच दुखणं. नाण्याला बाजू दोन आणि टेबलाला एकच. म्हणून मी पारदर्शक पट्टीवर नाणी ठेवून खाली आरसा लावला होता. पट्टीही बघून घ्यावी लागते. पीव्हीसी असेल तर कालांतराने त्यातून आम्ल सुटतं आणि तांबं हिरवं पडायला लागतं. एवढं सगळं करून मी भिंग घेऊन उभा राहिलो. सकाळपासून त्या आरशाचा उपयोग लोकांनी फक्त केस सारखे करायला केला.

मग काका आले.

काकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, काखेत छत्री होती, आणि चेहऱ्यावर आपल्याला सगळं ठाऊक असल्याची शांतता होती. पहिल्या नाण्यावर बोट ठेवून (ठेवू नका म्हणून मीच लिहून ठेवलं होतं, पण ते एक असो) त्यांनी विचारलं, "हा वॉचमन कोण?"

एका हातात दंड, दुसऱ्या हातात कमंडलू घेतलेली ती आकृती. काही अभ्यासक तिला शिव म्हणतात, महाकाळाचंच रूप म्हणतात. काही कार्तिकेय म्हणतात. हा वाद बराच जुना आहे आणि मी तो काकांना सांगायला घेतला.

"वॉचमनच," काका म्हणाले. "काठी आहे, पाण्याची बादली आहे. बरं, किती मिळतील याचे?"

"विकायची नाहीत."

"तसं सगळेच म्हणतात." त्यांनी पिशवीतून पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट काढली. "ही लाखांत जाते. मोबाइलवर आलंय." मी सांगितलं, की काका, ही फसवणूक आहे, रिझर्व्ह बँकेनं 2021च्या ऑगस्टमध्ये तसा जाहीर इशाराही दिलाय, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका. काका समजूतदारपणे हसले. "बँक असंच म्हणणार. त्यांना नोटा परत हव्यात."

यापुढे वैष्णोदेवीचं नाणं निघालं. मग रुमालात बांधलेलं ठेवणीतलं: ईस्ट इंडिया कंपनीचं, 1818 सालचं, वर रामदरबार. अशी नाणी कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. ही हल्लीची टोकनं आहेत, कुणीतरी पाडून बाजारात सोडलेली. हे मी जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. काकांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तांदूळ ओढतंय का तुमचं?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: विजेचा लोळ पडलेलं तांब्याचं जुनं नाणं तांदूळ खेचून घेतं, आणि तसलं नाणं अमेरिकेतली अंतराळवाली मंडळी कोट्यवधींना घेतात, अशी एक बाजारगप्प आहे. तिच्यापायी लोकांनी जमिनी विकल्यात. हातचलाखी सोपी असते: तांदळात लोखंडाचे बारीक कण घालायचे आणि नाण्यामागे चुंबक धरायचं. हे सगळं मी बोलत होतो तोवर काका उद्घाटनाच्या ताटाकडे जाऊन मूठभर अक्षता घेऊन परतलेसुद्धा.

"काका, नको."

"बघायला काय जातंय?"

आणि महाकाळावर, हत्तीवर, नदीवर, बेडकावर त्यांनी अक्षता टाकल्या. लग्न लागल्यासारख्या! वर दबक्या आवाजात "ओढ... ओढ..." चालू.

आता अक्षता म्हणजे ओलं कुंकू लावलेला तांदूळ. एक दाणा हत्तीच्या पाठीला चिकटला. काकांनी पट्टी उचलून उलटी केली. बाकीचे दाणे पडले, हा पडेना.

"ओढलाऽऽ!"

दोन मिनिटांत अख्खा हॉल माझ्या टेबलाशी. काड्यापेट्यांचं अद्भुत विश्व ओस. ज्यांनी सकाळी भांग पाडला होता तेही आले. कुणी चित्रण करू लागलं, कुणी नाण्याला नमस्कार केला, एका बाईंनी बाळाला पुढे केलं. मी ओरडत होतो, "अहो, कुंकू चिकटलंय!" तर मागून एक जण म्हणाला, "यांना माहीतच नाही, यांच्याकडे काय आहे."

माझ्याकडे काय आहे ते मला माहीत आहे हो. हत्ती आहे. ठसा जरा डावीकडे सरकलाय, त्यामुळे सोंडेचं टोक बाहेर गेलंय. ठोकणाऱ्याचा हात त्या दिवशी घाईत असावा. हे मी सकाळपासून तीनशे माणसांना सांगायला तयार होतो, आणि ऐकायला एकही थांबला नाही.

"मग उजळा तरी," गर्दीतून सल्ला आला, "चिंच लावा, लख्ख होतील." चिंच! दोन हजार वर्षांत चढलेला तो पापुद्राच खालच्या ठशाला सांभाळून असतो. आम्लानं तो गेला की सोंडही गेली, बेडूकही गेला. उरतो तो चकचकीत तांब्याचा तुकडा, म्हणजे खरोखर चिल्लर. अशी घासून मारलेली नाणी मी इतकी पाहिलीत, की यावर विनोद करायला जमत नाही. त्याहून वाईट म्हणजे वजनावर मोडीत जाणारी. तीही वाचली, तरी कुठल्या शेतात, कुठल्या काठावर, कशासोबत सापडली हे कुणी लिहून ठेवत नाही. 1878च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं असतं. कळवतो कोण! नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा ढीग सापडला, तेरा हजारांवर, आणि तो एकत्र तपासला गेला म्हणून तर कळलं, की त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलाय. शत्रूच्या चेहऱ्यावर थेट उज्जैन चिन्ह! तो ढीग चार सोनारांत वाटला गेला असता, तर ही गोष्ट वितळून पैंजणं झाली असती. परवा काकांकडे बघताना गौतमीपुत्राची भावना मला नीट समजली.

काकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "फिफ्टी-फिफ्टी. अमेरिकेत पाठवू."

"1972चा कायदा आहे, काका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू तुम्हा-आम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. गुन्हा आहे."

काकांनी विचार केला. "आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू."

संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली. पहिलं काड्यापेट्यांना. मला उत्तेजनार्थ, 'चमत्कारिक संग्रहाबद्दल'. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश घेऊन मी हत्तीच्या पाठीवरचं कुंकू काढत बसलो होतो, तेवढ्यात काकांच्या भाच्याचा फोन आला. पार्टी तयार आहे म्हणाला, फक्त समोर एकदा चाचणी हवी. आणि आंबेमोहोर आणू की बासमती?