सही केली म्हणून हक्क जात नाही

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतोय. कंपनीच्या कागदावर सही केली किंवा मोबाईलवर अटी मान्य केल्या की कोर्टाचा रस्ता बंद. भांडायचंच तर कंपनीच्या गावी जा. आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल बड्यांच्याच कामाचे. हे वाचून माणसं तक्रार न करताच गप्प बसतात, याची मला चीड येते.

आधी सहीचं बघू. एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या करारात वाद लवादाकडेच, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडेच न्यायचा, अशी अट होती. तरीही ग्राहकाला ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींसाठीच्या न्यायालयात, दाद मागता येते, असं सुप्रीम कोर्टानं १० डिसेंबर २०१८ ला सांगितलं. पुढच्याच वर्षी पायोनियर अर्बन लँड या बिल्डर कंपनीचं प्रकरण आलं. करारात होतं: फ्लॅटचा हप्ता चुकला तर ग्राहकाकडून १८ टक्के व्याज. ताबा रखडला तर ग्राहकानं आधी वर्षभर थांबायचं, मग नोटीस द्यायची, आणि पैसे परत मिळणार ९ टक्के व्याजानं. सही ग्राहकाचीच होती. पण एकाच बाजूच्या सोयीच्या अशा अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असा निकाल लागला. छापील फॉर्ममधली एक ओळसुद्धा आपल्याला बदलून मिळत नाही, हे कोर्टानं ओळखलं.

कंपनीच्या गावी जायचा मुद्दा तर आपल्या सीमाभागासाठी सगळ्यात महत्त्वाचा. निपाणीचा माणूस कोल्हापुरात फ्रीज घेतो, खानापूरचा गोव्यातून काही आणतो. जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकणाऱ्याचं ठिकाण किंवा व्यवहार जिथं झाला ते ठिकाण धरत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथं राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथंही तक्रार चालते. म्हणजे दुकान महाराष्ट्रात असलं तरी बेळगावच्या जिल्हा आयोगात जाता येतं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘न्यायक्षेत्र मुंबई’ छापलेलं बघून माघारी फिरू नका.

खर्च? पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

‘निकाल बड्यांसाठी’ म्हणणाऱ्यांनी बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांकडे बघावं. माग धंद्यासाठी घेतला, मग तुम्ही ग्राहक कसले, असं विकणारा म्हणू शकतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच, हे सुप्रीम कोर्टाच्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणातल्या १९९५ च्या निकालात स्पष्ट झालंय आणि आजच्या कायद्यातही आहे. पगारी माणसं ठेवून मोठा कारखाना चालवत असाल तर मात्र ही सवलत मिळत नाही.

निकाल उशिरा लागतो, ही तक्रार मात्र खरी आहे. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा लांबतात. निदान कंपनीला उत्तर द्यायला ४५ दिवसांपुढे एक दिवसही मिळणार नाही, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये बजावलंय.

तुमच्या बाजूनं तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. कस्टमर केअरला फोन करत बसल्यानं ती थांबत नाही. बिलाची अक्षरं काही काळानं उडतात, तेव्हा आजच झेरॉक्स काढा आणि कंपनीला लेखी तक्रार पाठवून पोच ठेवा.