स्टॅबिलायझर टाकला म्हणजे थरथर गेली, असं नसतं रे बाबांनो

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, वर मोठ्या अक्षरात "पिकअपवाल्यांनो, कंपनीचे शॉक काढून फेका", खाली पाच मुद्दे आणि शेवटी "सगळ्यांना पाठवा". एरवी मी असलं वाचून सोडून देतो. पण काल तोच मेसेज मेहुण्याने पाठवला आणि खाली लिहिलं, "दाजी, ऑर्डर टाकतोय, चालेल ना?" ह्या साहेबांच्या गाडीचं स्टिअरिंग खड्ड्यावरून गेलं की हातात धडधडतं हे मला माहितीये, म्हणून आता बसून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं. एक, जाड शॉक टाकले की गाडी जास्त माल उचलते. दोन, शॉक जेवढा कडक तेवढा चांगला. तीन, स्टिअरिंग थरथरतंय तर स्टॅबिलायझर टाका, थरथर कायमची बंद. चार, गाडी एका बाजूला ओढत असेल तरी स्टॅबिलायझरच टाका. पाच, तेल गळेपर्यंत शॉकला काही होत नाही. (म्हणजे वर फेकून द्यायला सांगायचं आणि खाली गळेपर्यंत ठेवायला. लिहिणाऱ्याने स्वतःचं तरी वाचलंय का?)

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांत पैसे जातात, ह्यात माणूस जाऊ शकतो.

स्टॅबिलायझर म्हणजे आडवा लावलेला एक छोटा शॉक. एक टोक ॲक्सलला नाहीतर चासीला, दुसरं टाय रॉडला (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) किंवा ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे नेणारा दांडा). चाकाला बसलेला झटका हातापर्यंत येताना मऊ करायचा, एवढंच त्याचं काम. थरथर तयार होते दुसरीकडेच. टाय रॉड एन्डमध्ये (त्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट) प्ले म्हणजे ढिलेपणा, बॉल जॉइंट गेलेला, पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा) बुश, म्हणजे रबराची गादी, फाटलेला किंवा बोल्ट ढिला, चाकाचं बेअरिंग, टायरचं बॅलन्सिंग, गाडी उंच करताना बिघडवून ठेवलेला कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागेपुढे कल). पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड ॲक्सल) असेल आणि ह्यातलं काहीतरी ढिलं असेल तर वेगात एक खड्डा पुरतो, दोन्ही चाकं डावी-उजवी आपटायला लागतात आणि वेग बराच खाली आणल्याशिवाय थांबत नाहीत. ह्यालाच डेथ वॉबल म्हणतात, ज्याने एकदा अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता ह्याच्यावर नवा कडक स्टॅबिलायझर टाकला तर थांबेल का? हो, बऱ्याचदा थांबतं! म्हणून तर मेसेज पसरतोय. पण हे म्हणजे दाढ किडलीय आणि माणूस लवंग धरून बसलाय. जॉइंट आत झिजतच असतो, फक्त तुम्हाला कळायचं बंद होतं. पुढे एक दिवस नवा स्टॅबिलायझरही थकतो आणि थरथर परत येते, हे नशीब चांगलं असेल तर. नसेल तर झिजलेला बॉल सॉकेटमधून निसटतो, आणि टाय रॉड सुटला की एक चाक तुमचं ऐकतं, दुसरं ऐकत नाही.

मेहुणा लगेच म्हणाला, "मग कंपन्या स्वतः का बदलून देतात?" ठीक आहे, हे अर्धं खरंय, मान्य करतो. 2019 मध्ये फियाट क्रायस्लरने जीप रँग्लरच्या नव्या मॉडेलवाल्यांना ह्याच तक्रारीवर डॅम्पर (म्हणजे हाच स्टॅबिलायझर) फुकट बदलून दिला होता. पिकअप नाही, पण पुढचा ॲक्सल सॉलिडच. पण कारण काय दिलं होतं तेही वाचा ना, थंडीत त्या डॅम्परच्या तेलात बुडबुडे होत होते आणि तो नीट दाबच धरत नव्हता. म्हणजे डॅम्परमध्येच खोट होती, म्हणून डॅम्पर बदलला. गाड्या जवळपास नव्या, जॉइंट झिजायचे होते कुठे! तुमची गाडी इतकी वर्षं माल वाहून खिळखिळी झालीय, त्यावर हाच उपाय कसा लागू पडेल?

ऑर्डर टाकायच्या आधी हे करा, फुकट आहे. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, इंजिन चालू. जॅक लावायचा नाही, वजन चाकांवरच पाहिजे. एकाने स्टिअरिंग डावी-उजवी हलवायचं, पूर्ण नाही, घड्याळात अकरा ते एक एवढंच, पटापट. दुसऱ्याने खाली वाकून एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. रॉड हलतोय आणि पलीकडचा भाग क्षणभर उशिरा हलतोय, किंवा बोटाला टक् असं लागतंय, तिथे प्ले आहे. पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं नक्की बघा, लोक तीच विसरतात, तिथे बोल्टभोवती घासून चकाकणारी रेघ दिसली की समजा बोल्ट भोकात सरकतोय. हे सगळं घट्ट असेल, टायर बॅलन्स असतील, अलाइनमेंट बरोबर असेल आणि तरी मोठ्या टायरमुळे झटके येत असतील, तर खुशाल स्टॅबिलायझर टाका, तिथे तो खरंच उपयोगी आहे.

अजून एक, आजकालच्या बऱ्याच पिकअपना पुढे सॉलिड ॲक्सल नसतोच, इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आणि रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) असतो, त्यांच्यात हा प्रकार बसवायला जागासुद्धा नसते. मेसेजमध्ये ह्याचा पत्ता नाही.

चौथा मुद्दा तर उलटाच आहे. गाडी ओढते ती टायरमधल्या कमी-जास्त हवेने, अलाइनमेंटने किंवा एखादा ब्रेक जाम असल्याने. साधा स्टॅबिलायझर गाडी सरळ करत नाही, तो फक्त हालचाल जड करतो. उलट त्यात जास्त दाबाचा गॅस असेल तर रॉड सतत बाहेर ढकलला जातो आणि सरळ चालणारी गाडी ओढायला लागते. शंका असेल तर एका टोकाचा बोल्ट काढा, रॉड आपोआप बाहेर आला तर हाच तुमचा चोर. बाहेरून स्प्रिंग लावलेले, चाक मध्यावर आणणारे स्टॅबिलायझर मिळतात, पण मूळ बिघाड तेही झाकतातच.

पहिल्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. वजन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) उचलतात, शॉक नाही. शॉक फक्त पाट्यांचं झुलणं थांबवतो, तेल बारीक भोकांतून ढकलून त्या हालचालीची उष्णता करतो. गॅसवाल्या मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीचा शॉक) साधारण 20 बार दाब आणि 14 मिलिमीटरचा रॉड धरला तर एका शॉकमागे जोर येतो तीसेक किलो. टनभर मालापुढे तीस किलो काय करणार? हवेचे किंवा वर स्प्रिंग असलेले शॉक थोडं वजन घेतात, हो, पण ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात ना, म्हणजे कागदावरची जीव्हीडब्ल्यू (मालासकट गाडीचं कमाल वजन) तेवढीच. मागचं बूड बसलेलं दिसत नाही म्हणून अजून दहा पोती टाकायची, हा त्यातला धोका.

कडक शॉकचं म्हणाल तर रिकाम्या पिकअपचं मागचं आधीच उड्या मारतं, त्यात जास्त कडक शॉक टाकला की खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सोडतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना पकड. गाडी बहुतेक वेळ रिकामी धावते की भरलेली, ते आधी ठरवा.

आणि गळण्याचं: शॉकवर तेलाची पुसट ओल चालते, ओघळ चालत नाही, पण न गळता आतले व्हॉल्व्हही थकतात. टायरवर हात फिरवा, चढ-उतार लागले तर शॉकवर पहिला संशय घ्या. शॉक बनवणारी मन्रो कंपनी साधारण 80,000 किलोमीटरला बदलायला सांगते, त्यांचा धंदाच तो आहे हे धरूनही आकडा अगदीच चुकीचा नाही. बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही, आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नका. चाकं टेकवा, वजन येऊ द्या, मग आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.