दुसरं गेट आणि रोजची झोंबाझोंबी
आमच्या बेळगावात रोज सकाळी सायकलवरनं उद्यमबागला कामाला जातो, आणि रोज टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला डोकं फिरतंय. गेट पडलं की आपण आपले डावीकडं गप्प उभारायचं, तर मागनं येणारे स्कूटीवाले, रिक्षावाले उजवी बाजू पण भरून टाकतात, पलीकडचे पण तेच करायलेत, म्हणजे गेट उघडलं की दोन्हीकडची माणसं समोरासमोर, हॉर्न चालू, आणि कोणच मागं सरकत नाही! मधी सायकलवाला. परवा एकाचं हँडल कोपराला लागलं, वर मलाच म्हणतोय, "सरक की ओ बाजूला." कुठं सरकू, रुळावर? पावसाळ्यात तर ओले रूळ, तिरकं चाक गेलं की सायकल घसरलीच, म्हणून रूळ सरळच ओलांडावा लागतो, त्याला जरा जागा नको का? पलीकडं काँग्रेस रोड. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं ते ह्याच गावात, त्यावरनं पडलेलं नाव, आणि तिथं दोन मिनटं रांगेत थांबायला होईना आम्हाला. गाडी गेल्यावर गेट उघडणारच आहे की ओ, डावीकडं थांबा ना!