पहिल्या टी-शर्टला रॅग्लन बाहीच लावा

घरी टी-शर्ट शिवायला घेतलेल्या सगळ्या मैत्रिणींना माझं आग्रहाचं सांगणं आहे. पहिल्या टी-शर्टला रॅग्लन बाही, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली बाही लावा, मुंढ्यात (खांद्यापासून काखेपर्यंतच्या गोल कापात) बसवायची बाही नंतर.

आपल्यापैकी बहुतेकींचा हात ब्लाउजवर बसलेला. ब्लाउजचं कापड ताणत नाही, म्हणून बाहीच्या वरच्या टोकाचा गोलावा मुंढ्यापेक्षा थोडा जास्त ठेवून तो जिरवत बसवायची सवय बोटांत मुरलेली असते. तीच सवय होजिअरीवर, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडावर चालवली की खांद्यावर फुगा आलाच म्हणून समजा. हे कापड स्वतःच ताणतं. त्याला गोलावा बसका आणि जवळजवळ मुंढ्याच्या मापाचाच लागतो. (इचलकरंजीचं मागावरचं सुती कापड कितीही आवडलं तरी या कामाला घेऊ नका, ते ताणत नाही.)

रॅग्लनची शिवण गळ्यापासून तिरकी थेट काखेत उतरते आणि खांदा बाहीतच येतो. त्यामुळं खांद्याचं माप थोडं इकडंतिकडं झालं तरी अंगावर कळत नाही. वाढत्या पोरांना तर यासारखी बाही नाही. लॉर्ड रॅग्लन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत गेला आणि त्याच्यासाठी अशी सैल बाही बेतली गेली, असं सांगतात. आपल्या पेठांतली पोरं फुटबॉलला जातात, त्यांना हात मोकळा लागतो. माझ्या भाच्याला मी हीच शिवून देते: धड पांढरं, बाह्या त्याच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या रंगाच्या. उरलेलं कापडही बाह्यांत खपतं.

बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि बारीक झिगझॅग घ्या. चारही तिरक्या शिवणी घालताना कापड मागून ओढू नका, मशीन नेईल तसं जाऊ द्या. ओढलंत की शिवणीला लाटा येतात आणि गळाही सैल पडतो.

ड्रॉप शोल्डर, म्हणजे खांद्याची शिवण दंडावर उतरलेला टी-शर्ट, शिवायला सर्वांत सोपं, पण काखेत कापड गोळा होतं. आपल्या पावसाळ्यात तेवढाच भाग दिवसभर ओलसर राहतो, म्हणून मला ते पटत नाही.

खांदे फार उतरते असतील तर मात्र रॅग्लनमध्ये ते आणखी उतरलेले दिसतात. तिथं बसवलेलीच बाही करा, फक्त बाजूची शिवण घालायच्या आधी. खांदे जोडायचे, कापड सपाट पसरून बाही लावायची, मग बाहीच्या टोकापासून काखेतून खालच्या घेरापर्यंत एकच शिवण.