बारा झेरॉक्स

सकाळी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेले आणि डोकं फिरवून घेऊन आले. दुपारचं जेवणही गेलं नाही धड. म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

माझ्या पुढे एक मुलगा उभा होता. सत्ताविसेक वर्षांचा, गळ्यात ओळखपत्र, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. दुकानदाराला म्हणाला, "याच्या बारा काढा." कागद काउंटरवर उघडाच होता. वाचला मी, खोटं कशाला बोलू! प्रतिपालक कुटुंबाला, म्हणजे दुसऱ्याचं मूल दत्तक न घेता सांभाळणाऱ्या घराला, दिलेल्या भेटीचा अहवाल होता. "बालकाची प्रकृती उत्तम. शाळेत नियमित जाते. कुटुंब योग्य काळजी घेते. सूचना : निरंक." खाली पालकाची सहीसुद्धा झालेली. कोरी होती ती फक्त तारखेची जागा.

बारा महिन्यांच्या बारा भेटी एका झेरॉक्समध्ये उरकल्या. पुढच्या मार्चमध्येही त्या लेकराची प्रकृती उत्तमच असणार आहे, आत्ताच ठरलंय.

मला नको तेवढा राग का आला, ते इथल्या जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे. नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. २०१८ साली आमच्या घरी एक मुलगा राहायला आला. आठ वर्षांचा. वडील गेलेले, आई दवाखान्यात, आणि लवकर बरी होण्यातली नव्हती. दत्तक नाही, प्रतिपालकत्व. बाल कल्याण समितीच्या, म्हणजे निराधार मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या आदेशाने. त्याचं नाव लिहीत नाही. कायद्यानेही लिहायचं नसतं. बंड्या म्हणू. त्याला एक बहीण होती, सहा वर्षांची. समितीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "दोघांना घेता का?" आमची जागा दोन खोल्यांची, लेक दहावीला. मी म्हटलं, एकच जमेल. बहीण पलीकडच्या तालुक्यातल्या मुलींच्या संस्थेत गेली. "पुढे बघू," असं तेव्हा सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

तर त्या पुढच्या अकरा महिन्यांत आमच्याकडे तपासणीला माणूस आला चार वेळा. खुर्चीत बसायचा, मी पोहे करायचे. बंड्याला हाक मारायचा, "काय रे, बरं आहे ना?" बंड्या आधी माझ्याकडे बघायचा, मग म्हणायचा, "हो." लिहिलं, सही घेतली, गाडीला किक. आणि मला काय वाटायचं सांगू? अभिमान वाटायचा. वाटायचं, बघा, आमच्याकडे खोट काढायला जागाच नाही.

बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. त्याच्या ४४ व्या कलमात सरळ लिहिलंय की प्रतिपालक कुटुंबाची तपासणी समितीने दर महिन्याला करायची. हवापाण्याच्या गप्पा मारायला नाही, मूल कसं आहे ते बघायला. कुटुंब कमी पडत असेल तर मूल तिथून काढायचं. त्याच कलमात हेही आहे की भावंडांना शक्य तितकं एकत्र ठेवायचं. आणि अगदी सुरुवातीला, तिसऱ्या कलमात, जी तत्त्वं दिलीत त्यात मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं जाणं हा त्याचा हक्क आहे. हक्क, बरं का! आपण "पोरांना काय कळतं" म्हणणारी माणसं, आपल्यापेक्षा कायदा शहाणा निघाला. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर रागारागात वाचलं.

माहीत नव्हतं म्हणूनच ते घडलं. एक दिवस बंड्याच्या कंपासपेटीत मला दोन गुलाबी क्लिपा सापडल्या. केसांच्या, फुलपाखरू असतं तशा. मला वाटलं, लेकीच्या ड्रॉवरमधून उचलल्या. विचारलं, तर खाली मान. पुन्हा विचारलं, तरी खाली मान. मी एक ठेवून दिली त्याला. गालावर. त्याने हातही आडवा धरला नाही.

त्या महिन्याच्या अहवालात काय लिहिलं गेलं असेल? कुटुंब योग्य काळजी घेते. निरंक.

आता कोणीतरी म्हणेलच की त्या झेरॉक्सवाल्या पोराला बोलून काय होणार. माहितीये. कंत्राटी नोकरी, पगार कधी होईल त्याचा भरवसा नाही, पेट्रोल स्वतःच्या खिशातलं, आणि अर्धा तालुका एकट्याच्या गाडीवर. मान्य. पण मग "या महिन्यात भेट झाली नाही" असं लिही ना बाबा! कोरा कागद परवडला. भरलेला खोटा कागद फायलीत गेला की त्यानंतर कुणी बघायलाच जात नाही, कारण बघितलेलं असतं.

आणि वरचे? समितीला अध्यक्ष धरून पाच जण, महिन्यातून किमान वीस दिवस बसायचं, न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. दर तीन महिन्यांनी कलेक्टरकडे अहवाल जातो. त्यात किती प्रकरणं निकाली निघाली, किती प्रलंबित राहिली. आकडे जातात. बंड्या आमच्याकडे आला त्या दिवशीच तो "निकाली" निघाला होता! मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून प्रतिपालकत्वासाठी महिन्याला ४००० रुपये मिळतात, त्या पैशांचा हिशेब मात्र चोख विचारतात. विचारायलाच हवा, नाही म्हणत नाही मी. पण पैशाची पावती मागतो तशी मुलाची कोण मागतं?

जरा चहा घेऊन आले. आता हळू बोलते.

त्या थपडेनंतर तीनेक आठवड्यांनी नेहमीच्या माणसाऐवजी एक मॅडम आल्या. बदलीवर होत्या. कॉटनची साडी, साधी पिशवी. चहा नको म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय." माझ्या घरात! मला! ज्या पोराला मी तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं, त्याच्याशी बोलायला मी बाहेर जायचं? मागच्या दारी जाऊन भांडी अशी आपटली की शेजारीण डोकावली.

वीस मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या. मला वाटलं, आता थपडेचं निघणार. ते निघालंच, नंतर, आणि त्यांनी मला ऐकवलंही व्यवस्थित. पण पहिलं वाक्य वेगळं होतं. म्हणाल्या, "त्याला बहिणीला क्लिपा द्यायच्यात. कधी नेऊ शकाल?"

जत्रेत मी त्याला वीस रुपये दिले होते. पाळण्यात बसायला.

अकरा महिने. मी विचारलं नव्हतं, "ह्यां"नी विचारलं नव्हतं, चार वेळा पोहे खाऊन गेलेल्या माणसाने विचारलं नव्हतं. पोरगं म्हणेल तरी कसं? ज्यांच्या ताटात जेवतो त्यांच्यासमोर, मला अजून काहीतरी हवंय, असं कोण म्हणतं? आणि आमचं घर वाईट नव्हतं हो. खरंच नव्हतं. वाईट घरात काय होत असेल त्याचा विचार मी करत नाही, झोप लागत नाही मग.

आज त्या मुलाला मी विचारलंच शेवटी. म्हटलं, "दादा, या मुलाला तू शेवटचं कधी भेटलास?" चिडला नाही. म्हणाला, "काकू, मी जातो तेव्हा मुलं शाळेत असतात." म्हटलं, "मग रविवारी जा." हसला बिचारा. पैसे दिले, कागद सॅकमध्ये घातले आणि गेला. बारा झेरॉक्स, चोवीस रुपये.

आम्ही गेलो होतो त्या रविवारी एसटीने. दोन गाड्या बदलून. बंड्या सगळा वेळ कंपासपेटी मांडीवर धरून बसला होता. संस्थेच्या व्हरांड्यात बहीण आली, तर उवांमुळे तिचे केस बारीक कापलेले. क्लिपा लावायला केसच नव्हते. बंड्या बघतच राहिला. मग तिनेच त्या त्याच्या हातातून घेतल्या आणि फ्रॉकच्या कॉलरला लावल्या, एक इकडे, एक तिकडे.

नंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जायला लागलो. मॅडमनी ते समितीकडून आदेशात लिहून घेतलं होतं, तारखेसकट.